डॉक्टरांना विचारा: ‘अल्ब्युमिन 2.6 आलंय, बाबांचं काय होणार?’

प्रश्न: माझ्या वडिलांचं (वय 64) जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, अर्धंअधिक जठर काढलं. आधी अल्ब्युमिन 3.1 होतं, डिस्चार्जच्या दिवशी 2.6 आणि सीआरपी 48. अल्ब्युमिन कमी असलेले पेशंट फार जगत नाहीत, असं नेटवर वाचलं. आईला अजून काही बोललो नाही. प्रोटीन पावडर आणली, पण बाबा दोन घोटांवर ग्लास बाजूला सारतात.
– एक वाचक, भांडुप

उत्तर: आधी 2.6 ची भीती काढून टाका. अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रोटीन. ते लिव्हरमध्ये तयार होतं आणि रक्तात निम्मं व्हायला त्याला साधारण 20 दिवस लागतात. त्यामुळे आठवडाभराच्या उपासाने ते इतकं उतरत नाही. मोठ्या ऑपरेशननंतर ते रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, सलाईनने रक्त पातळ होतं आणि लिव्हर सीआरपीसारखी सूज दाखवणारी प्रोटीन्स बनवण्यात गुंतलेलं असतं. हे बहुतेक सगळ्यांचं होतं.

सीआरपीचा एकच आकडा धरून बसू नका, आधीचे रिपोर्ट शेजारी ठेवा. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वांत वर जातं आणि मग उतरतं. तिसऱ्या दिवशी 150 असेल आणि आता 48, तर ते उतरतंय. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही चढंच राहिलं, तर जठर आणि आतडं शिवलेला आतला जोड गळतोय का, कुठे पू झालाय का, हे आम्ही शोधतो. आणि एकक नक्की बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर छापतात. त्यातले 4.8 म्हणजे लिटरमागे 48 मिलिग्रॅमच. परळला माझ्या ओपीडीत या एका गोष्टीने घाबरलेली माणसं नेहमी येतात.

ऑपरेशनआधीचं 3.1 मात्र मी गांभीर्याने घेईन. अल्ब्युमिन 3.5 च्या खाली आणि सीआरपी 10 च्या वर, या दोन्हींना मिळून ग्लासगो प्रोग्नॉस्टिक स्कोअरमध्ये (कॅन्सरच्या पेशंटचं पुढे कसं राहील याचा अंदाज देणारा; गुण जास्त तितका धोका जास्त) 2 गुण मिळतात. असे पेशंट सरासरीने मागे पडतात, हे खरं आहे. पण ती सरासरी हजारोंची, तुमच्या बाबांची नव्हे. त्यांच्याबद्दल जास्त सांगेल तो ऑपरेशनमध्ये काढलेल्या जठराच्या बायॉप्सीचा रिपोर्ट: गाठ भिंतीत किती खोल गेली होती, आजूबाजूचे किती लिम्फ नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, तपासले (निदान 16 तरी हवेत) आणि त्यांतल्या किती नोडमध्ये कॅन्सर सापडला. केमो द्यायची की नाही, हे मुख्यतः त्यावर ठरतं.

पावडरचं म्हणाल, तर डब्यामागचं लेबल वाचा. बऱ्याच पावडरींत साखर भरपूर असते. जठर लहान झाल्यावर गोड पेय थेट आतड्यात उतरतं. घाम सुटतो, छातीत धडधडतं, पोटात मुरडा येतो. बाबांना हे होतं का ते विचारा, हट्ट म्हणून सोडून देऊ नका. दर दोन-अडीच तासांनी चार घास द्या: मऊ मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं, पनीर, वाफवलेला पापलेटचा तुकडा. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने. बी-12 ची तपासणी मात्र नियमित करून घ्या, ते कमी पडत जातं.

ताप, वाढतं पोटदुखणं किंवा सततच्या उलट्या झाल्या, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. आणि आईंना सांगा. दर दोन तासांनी वाटी घेऊन बाबांसमोर बसणाऱ्या त्याच असतील, तर पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या.