लिनक्स लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलताना कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की वायफाय अधूनमधून गायब होतं, रीस्टार्ट केल्यावर परत येतं आणि आता कार्ड बदलायचंय. आधी एक करा: वायफाय गायब असताना टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' (lspci, जोडलेल्या हार्डवेअरची यादी दाखवणारी आज्ञा) चालवा. यादीत कार्डच नसेल तर दोष बहुधा हार्डवेअरचा. तरी लगेच खरेदीला धावू नका. मागचं झाकण उघडून कार्ड काढा आणि पुन्हा नीट बसवा. माझं एकदा एवढ्यावरच भागलं होतं, फुकटात!

बदलायचंच असेल तर इंटेल एएक्स२१० घ्या. ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, फक्त कर्नल ५.१० किंवा त्यापुढचा हवा आणि फर्मवेअरचं (कार्डाला लागणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचं) पॅकेज अद्ययावत हवं. मात्र एएक्स२०१ किंवा एएक्स२११ चुकूनही उचलू नका. दिसायला सारखीच, पण ती सीएनव्हीआय प्रकारची, म्हणजे वायफायचा काही भाग कार्डावर नसून इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो. ठरावीक इंटेल प्रोसेसरवरच चालतात, एएमडीवर नाहीच. इथेच बरेच जण फसतात.

लॅपटॉपमधली कार्डाची जागा एम.२ २२३० (२२ बाय ३० मिमी कार्डाची) आहे ना, तेही बघा. दहा-बारा वर्षांहून जुन्या मशीनमध्ये बहुधा मिनी पीसीआय एक्स्प्रेस ही वेगळी, जुनी जागा असते, आणि तेव्हाचे काही बायोस (मशीन सुरू करणारे मूळ प्रोग्रॅम) अनोळखी कार्ड असलं की मशीन सुरूच करत नाहीत.

काम करताना लॅपटॉप बंद, बॅटरीची वायर सुटी. अँटेनाच्या दोन बारीक वायरी सरळ वर उचलून काढा. परत लावताना टक् असा आवाज यायला हवा.