मैदानावरची पत्रं : नातवाला खाली पाठवलं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्यातला प्रश्न गेली तीस वर्षं नाशिकच्या मैदानांवर कुणी ना कुणी मला विचारत आलंय, फक्त खेळ वेगळा असतो.

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात सरे इथे राहते. नातू सोळा वर्षांचा आहे, आइस हॉकी खेळतो. वेस्टर्न हॉकी लीगमधल्या एका संघाने त्याला शिबिराला बोलावलं आणि आठवड्याने परत पाठवलं. यंदा आपल्या वयोगटातच खेळ, म्हणाले. मुलगी फोनवर रडली. नातू म्हणतो, "आजोबा, इथे असंच असतं." मला हा सरळसरळ अपमान वाटतो. आम्ही कुणाला भेटावं, बोलावं का? – नाना, निफाड

उत्तर : नाना, नातू बरोबर बोलतोय. कुणाला भेटू नका.

माझा धाकटा भाऊ ॲबट्सफर्डला असतो, तुमच्या सरेपासून तासाभराच्या आत. २०२४-२५ च्या हिवाळ्यात मी दोन महिने त्याच्याकडे होते आणि जमेल तेवढं हॉकी पाहिलं. तिथली शिडी आधी समजून घ्या. सोळा ते वीस वयाची मुलं ज्युनियर हॉकी खेळतात. त्यात वेस्टर्न, ओंटारियो आणि क्वेबेक अशा तीन मोठ्या लीग आहेत. अठराव्या वर्षी मुलाचं नाव एनएचएलच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या नॅशनल हॉकी लीगच्या, ड्राफ्टला येऊ शकतं. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडणं. ३२ संघ, सात फेऱ्या, म्हणजे वर्षाला २२४ मुलं. आणि निवड झाली की मुलगा मोठ्या संघात खेळायला लागला, असं अजिबात नसतं. बहुतेकांना आपल्या ज्युनियर संघात परत पाठवतात. काहींना वर ठेवून बघतात, पण अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा दहा सामन्यांच्या आत परत गेला तर त्याच्या तीन वर्षांच्या कराराचं ते वर्ष मोजतच नाहीत. संघ त्याला नऊ सामने खेळवतो आणि घरी पाठवतो. त्या मुलांना त्यात लाज वाटत नाही. नियमच त्यासाठी केलाय.

साधारण वीस वर्षं झाली की मग दुय्यम लीग येते, अमेरिकन हॉकी लीग, तिला सगळे एएचएल म्हणतात. १९३६ पासून चालू आहे. तिथेही ३२ संघ, प्रत्येक एनएचएल संघाचा एक. सामन्यात गोलकीपर सोडून जे अठरा खेळाडू उतरवायचे, त्यांतले किमान तेरा कमी अनुभवाचे असलेच पाहिजेत, असा नियम आहे. त्या तेरांतल्या बारा जणांचे व्यावसायिक सामने हंगामाच्या सुरुवातीला २६० पेक्षा जास्त झालेले चालत नाहीत. जुन्या, पक्क्या खेळाडूंचा संघ बांधून करंडक मारायचा मोह प्रत्येक प्रशिक्षकाला होतो, मलाही झालाय. तिथे तो मोह नियमानेच बंद केला. आपल्याकडे जिल्हा पातळीवर असा एक नियम असता तर किती पोरं वाचली असती, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

आता मुद्द्याचं. हॉकीचा सामना साठ मिनिटांचा, वीस-वीसचे तीन भाग. खेळाडू पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळतो आणि बाकावर येतो, मग दुसरी फळी उतरते. पहिल्या फळीतल्या मुलाला सामन्यात अठरा-वीस मिनिटं मिळतात. चौथ्या फळीतल्याला सात-आठ, कधी त्याहून कमी. वर गेलेला कोवळा मुलगा चौथ्या फळीत जातो. समोरच्या संघाचा एक खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसलाय, आपल्याला गोलची संधी आहे, अशा वेळी त्याला कुणी उतरवत नाही. शेवटची दोन मिनिटं, एका गोलची आघाडी, तेव्हाही नाही. मग तो शिकणार कधी? खाली तो हे सगळं खेळतो, चुकतो, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा खेळतो.

मॅनी मल्होत्राचं उदाहरण मी मुद्दाम देते. वडील भारतातून गेलेले, मुलगा ओंटारियोत वाढला. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये न्यू यॉर्क रेंजर्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. एवढ्या वरचा मुलगा, त्याला परत पाठवलं नाही. अठराव्या वर्षी तो एनएचएलमध्ये ७३ सामने खेळला आणि त्यात गोल किती केले? आठ. ज्युनियरमध्ये तेच वर्ष तो संघाचा मुख्य खेळाडू म्हणून खेळला असता. पुढच्या हंगामात त्याला खाली जावंच लागलं, हार्टफर्डच्या एएचएल संघातही. माणूस चिवट, पुढे एनएचएलमध्ये ९९१ सामने खेळला, पण गोल करणारा म्हणून त्याचं नाव झालं नाही. तो भरवशाचा बचाव करणारा झाला.

तोच मल्होत्रा २०२४ मध्ये ॲबट्सफर्डच्या एएचएल संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. मी पाहिलं ते त्याच्या पहिल्याच हंगामातलं हॉकी. त्या संघात तुमच्या सरेचा एक मुलगा होता, अर्शदीप बेन्स. अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही, एकोणिसाव्या वर्षीही नाही. तो वेस्टर्न लीगमध्येच राहिला आणि २०२१-२२ मध्ये ११२ गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) करून अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. तेव्हा कुठे व्हँकूवरच्या एनएचएल संघाने त्याच्याशी करार केला आणि लगेच ॲबट्सफर्डला, म्हणजे खालीच, पाठवलं. एनएचएलचा पहिला सामना त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाला. नंतरही तो वर-खाली होत राहिला. जून २०२५ मध्ये मल्होत्राच्या या संघाने एएचएलचा काल्डर करंडक जिंकला, बेन्स त्यात होता. भावाने रात्री फोन केला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एकट्या-दुकट्या मुलाचं सोडा, अख्खा संघ असा खालून वर आलेला आहे. २०१२ मध्ये टँपा बे या एनएचएल संघाचा दुय्यम संघ नॉरफोकला होता. त्याने ओळीने २८ सामने जिंकले आणि करंडकही नेला. प्रशिक्षक जॉन कूपर. पुढच्याच वर्षी कूपरला टँपाने वर घेतलं, पोरंही एकेक करून वर गेली. त्यांतला ओंद्रे पलात ड्राफ्टमध्ये २०८ वा होता, टायलर जॉन्सनला तर कुणी निवडलंच नव्हतं. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं टँपाने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचा करंडक, जिंकला, तेव्हा हे तिघेही तिथे होते.

खाली नेमकं काय शिकवतात, ते मी ॲबट्सफर्डच्या एका साध्या रिंकवर पाहिलं. सकाळची वेळ, मी दोन स्वेटरवर शाल घेतलेली. तुमच्या नातवाच्याच वयाची मुलं होती. सराव संपला तरी प्रशिक्षकाने तिघांना थांबवलं. तो पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबराची चकती, कोपऱ्यात मारायचा, मुलगा पाठ करून तो आणायला जायचा, मागून दुसरा अंगावर यायचा. बस, एवढंच. मुलाने पकला हात लावायच्या आधी खांद्यावरून मागे दोनदा बघायचं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. एकदाच बघितलं की शिट्टी, पुन्हा पहिल्यापासून. पंचवीस मिनिटं मी तेवढंच बघत होते. शेवटी शेवटी एका मुलाची मान आपोआप वळायला लागली. प्रशिक्षकाने त्याच्या हेल्मेटवर टपली मारली आणि घरी पाठवलं. एनएचएलच्या वेगात मागे न बघता कोपऱ्यात गेलेल्या मुलाचा पक जातो, नाहीतर खांदा जातो. ही सवय बाकावर बसून लागत नाही.

नाना, तुम्ही द्राक्षबागायतदार. कलम केल्यावर जोमात वाढलेली काडी जानेवारी-फेब्रुवारीत तुम्ही स्वतः कापून खाली आणता, रिकट घेता. त्याच वर्षी घड धरायची घाई तुम्ही करत नाही. मग नातवाच्या बाबतीत का? त्याला एवढंच विचारा, "यंदाच्या संघात तू किती मिनिटं खेळतोस?" वीस म्हणाला तर मुलीला सांगा, डोळे पूस.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तीन वर्षं स्केटिंग करते, आता चाकांवरची रोलर हॉकी खेळायला लागली. तिला बर्फावरची हॉकी खेळायची आहे. नाशिकमध्ये राहून हे शक्य आहे का? आणि आतापासून फक्त हाच खेळ ठेवावा का? – एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, स्वप्न खोटं नाही. २०२५ च्या महिला आशिया कपमध्ये आपल्या मुलींनी कांस्यपदक आणलं. संघात मुली प्रामुख्याने लडाखच्या आहेत, गोठलेल्या तळ्यांवर वाढलेल्या, जिथे बर्फ हिवाळ्यातले जेमतेम दोन महिने टिकतं. त्यांनी एवढ्या थोड्या सरावावर पदक आणलं, हे मी माझ्या प्रत्येक बॅचला सांगते.

चाकांवरून बर्फावर जाताना बरंच सोबत येतं. वळणावर पायावर पाय टाकून घेतलेला वेग, गुडघ्यातला वाक, डोकं वर ठेवून स्टिक चालवणं, सगळं तसंच उपयोगी. थांबणं मात्र नव्याने शिकावं लागतं. बर्फावर दोन्ही पाती आडवी करून, बर्फ खरवडत, जागच्या जागी थांबतात. चाकांवर तसं करायला गेलं तर चाक अडकतं आणि मूल तोंडावर पडतं. म्हणून आत्ता तिला चुकीची सवय लावू नका, तिचे सर सांगतील तसंच थांबू द्या. दोन-तीन वर्षांनी लेहला किंवा देहरादूनला शिबिराची संधी मिळाली तर हे पंधरा दिवसांत अंगवळणी पडेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाम नाही असं आहे. अकराव्या वर्षी एकच खेळ नको. ज्या देशांत हा खेळ घराघरांत आहे तेच आता मुलांना सांभाळून वाढवतात. अमेरिकेत २००९ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीत आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना पूर्ण रिंकवर खेळवत नाहीत, रिंक आडवी वाटून लहान जागेत खेळवतात, म्हणजे प्रत्येकाच्या स्टिकला पक जास्त वेळा लागतो. २०११ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सामन्यांतून अंगाने धक्का मारणं काढून टाकलं, कॅनडाने २०१३ मध्ये तेच केलं. आधी हात-पाय-डोळे तयार होऊ देत. तुमच्या लेकीला पोहायला पाठवा, खो-खो खेळू द्या. खो-खोतल्या पलट्या हॉकीच्या वळणाला किती उपयोगी पडतात ते मी रोज बघते. आणि ती मान वळवायची सवय मी माझ्या नाशिकच्या मुलांना अशी लावते : मूल चेंडूकडे जात असताना मी मागे उभी राहून बोटं वर करते. चेंडूला स्टिक लागायच्या आत किती बोटं ते ओरडून सांगायचं. गच्चीवर तुम्हीसुद्धा हे करू शकता.

प्रश्न : एनएचएलमधले गोलकीपर बाकीच्या खेळाडूंपेक्षा उशिरा का दिसतात? – अकरावीतला विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : कारण ती जागा एकच आहे. बाकी मुलं थोडी थोडी मिनिटं वाटून घेऊ शकतात, पण गोलमध्ये एक खेळतो आणि दुसरा अख्खा सामना टोपी घालून बसतो. वर बसलेला तरुण गोलकीपर गंजतो, म्हणून त्याला खाली पाठवतात, कधी एएचएलच्याही खाली, ईसीएचएलमध्ये. जोनाथन क्विक २००५ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडला गेला, २००७-०८ मध्ये ईसीएचएलमध्ये रेडिंगकडून खेळला, आणि २०१२ मध्ये लॉस एंजेलिसने स्टॅन्ली कप जिंकला तेव्हा प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू तोच होता. ब्रेडन होल्टबीही आधी ईसीएचएलमधल्या साउथ कॅरोलायनाकडून, मग एएचएलमधल्या हर्शीकडून, मग एनएचएलमधल्या वॉशिंग्टनकडून खेळला, आणि २०१८ मध्ये स्टॅन्ली कप जिंकला. तू स्वतः गोलकीपर असशील तर धीर धर, आणि रोज खेळायला मिळेल असा संघ शोध.

प्रश्न : आमच्या गावच्या संघात पंधरा वर्षांचा एक चढाईपटू आहे, विलक्षण चपळ. गावकरी म्हणतात, यंदा त्याला वरिष्ठ गटातच घ्या, म्हणजे नाव होईल. मी काय करू? – एक कबड्डी प्रशिक्षक, सिन्नर

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. माझ्याकडे असाच एक मुलगा होता, मैदानी हॉकीचा, चौदा वर्षांचा. मीच त्याला मोठ्यांच्या संघात घेतलं. त्याच्या वडिलांना आनंद झाला, शाळेत टाळ्या पडल्या, मला अभिमान वाटला. त्या मोसमात अकरा सामने झाले. तो उतरला दोनदा, दोन्ही वेळा सामना हातातून गेल्यावर. बाकीच्या वेळी तो बाकाच्या टोकाला बसून बुटाची नाडी सोडायचा आणि पुन्हा बांधायचा, अख्खा सामनाभर. मी ते बघत होते आणि मला वाटत होतं, पोरगं उतावीळ झालंय खेळायला. जूनमध्ये तो सरावाला आला नाही. जुलैतही नाही. घरी गेले तर स्टिक पोटमाळ्यावर टाकलेली होती. आई म्हणाली, "मॅडम, त्याला वाटतं त्याला खेळता येत नाही." त्याच्याइतका चांगला हात मी त्यानंतर पाहिला नाही.

तुमच्या पोराला किशोर गटातच ठेवा. तिथे त्याला सगळ्यात जास्त चढाया द्या, शेवटच्या मिनिटातली चढाई त्यालाच द्या, आणि पकडला गेला तर पुढच्या सामन्यात पुन्हा त्यालाच. कर्णधार करा. वरिष्ठांच्या सरावाला आठवड्यातून दोन दिवस न्या, त्यांचं वजन अंगावर घ्यायला शिकू द्या, पण सामन्याला नको. आणि गावकऱ्यांना सांगण्याआधी त्याला स्वतःला समोर बसवून सांगा की वर का घेतलं नाही आणि कधी घेणार आहात. मी हे सांगितलं नव्हतं. मोसम संपल्यावर त्याच्या किती चढाया झाल्या, तो आकडा मला जरूर कळवा.