ब्रिटनमध्ये ‘फ्युएल पॉव्हर्टी’ घालवायला सरकार बिल माफ करण्याऐवजी घरांना इन्सुलेशन का करून देतं? त्याचा खरंच उपयोग होतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की भाचा ब्रॅडफर्डला शिकायला आहे, भाड्याच्या घरात कोट घालून अभ्यासाला बसतो, कपाटामागे भिंतीला काळी बुरशी आली आहे, आणि एवढ्या श्रीमंत देशात हे कसं, असा तुम्हाला प्रश्न पडलाय. मी त्याच भागात, वेस्ट यॉर्कशरमध्ये, घरांची ऊर्जा-तपासणी करतो. लोकांच्या माळ्यावर चढायचं, भिंती मोजायच्या, बॉयलर-रेडिएटरची नोंद घ्यायची, हे रोजचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाच्याचं शेवटी सांगतो.

आधी व्याख्या, कारण निम्मं राजकारण तिथेच आहे. 1991 साली संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी सोपं माप दिलं: घर पुरेसं गरम ठेवायला उत्पन्नाच्या 10 टक्क्यांहून जास्त खर्च लागत असेल तर ते कुटुंब इंधन-गरीब. खर्च ‘लागत असेल’ तर. प्रत्यक्ष ‘होत असेल’ तर नव्हे. जो माणूस हीटिंग लावतच नाही त्याचं बिल कमीच येणार, पण म्हणून तो सुखात आहे असं नाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हे 10 टक्क्यांचं माप थोड्याफार फरकाने अजून चालतं. इंग्लंडने मात्र 2021 पासून वेगळंच माप धरलं. घराचा ऊर्जा-दर्जा (ए सगळ्यांत चांगला, जी सगळ्यांत वाईट) डी किंवा त्याखाली हवा, आणि गरजेपुरता इंधनखर्च वजा केल्यावर उरलेलं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली हवं. दोन्ही अटी बसल्या तरच नाव यादीत. 2023 साली इंग्लंडमधली सुमारे 13 टक्के कुटुंबं या मापात बसत होती.

या मापाचा मला कायम राग येतो. घर एकदा सी दर्जाचं झालं की दर आभाळाला भिडले तरी कागदावर तुम्ही इंधन-गरीब नाही! ऑक्टोबर 2021 मध्ये साधारण घराच्या वर्षाच्या वीज-गॅस बिलाची कमाल मर्यादा 1,277 पौंड होती. वर्षभरात ती 3,549 वर गेली आणि सरकारला मध्ये पडून ती 2,500 वर रोखून धरावी लागली. त्या काळात लोक सूप किचनमध्ये नुसती ऊब घ्यायला जात होते, ग्रंथालयांनी ‘उबदार जागा’ म्हणून दारं उघडी ठेवली होती. इंग्लंडचा अधिकृत आकडा मात्र जेमतेम हलला.

आता बिलमाफीचं. पैसे दिलेच जात नाहीत असं नाही. पेन्शनरांना हिवाळ्यात 200 किंवा 300 पौंड मिळतात, कमी उत्पन्नवाल्यांना बिलात 150 ची सूट मिळते, आणि 2022-23 च्या हिवाळ्यात तर सरसकट प्रत्येक घराला 400 पौंड दिले. ते द्यायलाच हवे होते; माणसं गारठत असताना भिंतींचं व्याख्यान देऊन चालत नाही. पण पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेवढेच द्यावे लागतात, कारण घर होतं तसंच आहे.

ते घर कसं आहे ते सांगतो. इकडच्या गिरण्यांच्या गावांत, म्हणजे ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, हॅलिफॅक्सला, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कामगारांसाठी बांधलेली, भिंतीला भिंत लागून रांगेत उभी असलेली घरं आहेत. भिंत भरीव, दगडाची किंवा नऊ इंची विटांची. मध्ये पोकळी नाही, अस्तर नाही. अशा विटांच्या भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल तर, साधारण 2 वॅट उष्णता बाहेर जाते. पुढची-मागची मिळून 40 चौरस मीटर भिंत धरा, बाहेर 3 अंश आणि आत 18. झाले 1,200 वॅट. एक मोठी इस्त्री चोवीस तास चालू ठेवल्याएवढी उष्णता नुसत्या भिंतींतून गेली. छप्पर, खिडक्या, दाराखालची फट यांचा हिशेब वेगळा. त्याच भिंतीला नीट इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारं अस्तर, केलं तर हा आकडा 200 वॅटच्या आत येतो. आणि तो पुढच्या हिवाळ्यातही तेवढाच राहतो, त्याच्या पुढच्याही.

मधल्या काळातली, साधारण 1920 नंतरची घरं बहुतेक दुपदरी भिंतींची असतात. मध्ये पाचेक सेंटीमीटरची पोकळी. बाहेरून भोकं पाडून त्यात थर्मोकोलचे मणी किंवा खनिज-लोकर भरतात, काम एका दिवसात होतं. माळ्यावर काचलोकर अंथरणं त्याहून सोपं. शिफारस 270 मिलिमीटरची आहे. ही दोन कामं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कंटाळवाणी. फीत कापायला मंत्री येत नाहीत, फोटोही चांगला येत नाही. तरी सुरुवात इथूनच व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे.

आमच्या शेजारच्या कर्क्लीझ कौन्सिलने (हडर्सफील्ड, ड्यूझबरी, बॅटली हा भाग) 2007 ते 2010 मध्ये नेमकं हेच केलं. एकेक वॉर्ड घेऊन घरोघर दार ठोठावलं आणि ज्याच्या घराला लागेल त्याला माळ्याचं आणि पोकळ भिंतीचं इन्सुलेशन फुकट करून दिलं. उत्पन्नाचा दाखला नाही, फॉर्मच्या चळती नाहीत. दारात गेलेला माणूस सरकारी भत्त्यांची माहितीही देत होता. 50 हजारांहून जास्त घरं झाली. यावर टीका होते की पैसेवाल्यांनाही फुकट मिळालं. मिळालं, खरं आहे. पण ‘फक्त गरजूंनाच’ म्हटलं की गरजू शोधण्यातच पैसा आणि वेळ जातो, रस्त्यावरचं एक घर करायचं आणि शेजारची चार सोडायची अशी कामाची वाट लागते, आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला फॉर्म भरता येत नाही तोच नेमका मागे राहतो.

असं मागे राहिलेलं एक घर. आजी एकट्या, नवरा गिरणीत होता, तो गेला. स्वयंपाकघरात प्रीपेड मीटर. आधी दुकानात जाऊन पैसे भरायचे, मग गॅस. उन्हाळ्यात गॅस वापरला नाही तरी रोजचा स्थिर आकार चढत राहतो, त्यामुळे थंडी सुरू होताच भरलेल्या पहिल्या पैशांतून आधी तो कापला जातो. आजींनी एकाच खोलीतला रेडिएटर चालू ठेवला होता आणि त्याच्यावर जमिनीपर्यंतचा जाड पडदा सोडला होता, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. प्रत्यक्षात रेडिएटरची सगळी ऊब पडद्यामागे खिडकीच्या काचेला जात होती. खिडकीवरच्या हवेच्या झडपा चिकटपट्टीने बंद. वर चढलो तर माळ्यावर काचलोकर होती, पण कधीकाळी टाकलेली, दोन बोटं जाडीची, त्यावर सुटकेसा आणि ख्रिसमसचं सामान ठेवून चेपलेली. झोपायच्या खोलीत 13 अंश. जागतिक आरोग्य संघटना किमान 18 म्हणते. पडदा खिडकीच्या कठड्यापर्यंत आखूड केला, रेडिएटरमागे चकाकी कागद लावला, दाराला ब्रश-पट्टी बसवली. हे त्या दिवशीच झालं. माळ्याचं काम पुढे झालं. ‘बिल काही फारसं कमी झालं नाही’ असं आजी नंतर म्हणाल्या, पण आता त्या वरच्या खोलीत झोपत होत्या.

बऱ्याच लोकांना हेच कळत नाही. इन्सुलेशननंतर अपेक्षेएवढं बिल घटलं नाही की अर्थतज्ज्ञ योजना फसली म्हणतात. जो माणूस 13 अंशांत राहत होता तो आता तेवढ्याच पैशांत 17-18 मध्ये राहतो. लाभ त्याने पैशांऐवजी उबेत घेतला. न्यूझीलंडमध्ये याचा पद्धतशीर अभ्यास झाला. फिलिपा हाउडन-चॅपमन आणि सहकाऱ्यांनी 1,350 घरांतल्या कुटुंबांवर केलेला, 2007 साली प्रसिद्ध झालेला. इन्सुलेशन केलेल्या घरांत धाप-घरघर कमी, मुलांच्या शाळेच्या आणि मोठ्यांच्या कामाच्या सुट्ट्या कमी. तिथल्या सरकारने 2009 मध्ये देशभर योजना काढली, आणि तिच्या मूल्यमापनात लाभ खर्चाच्या जवळजवळ चौपट निघाला. त्यातला बहुतेक वाटा आरोग्याचा होता, वीजबिलाचा नव्हे.

आता याची काळी बाजू, कारण ती लपवून उपयोग नाही. इन्सुलेशन चुकीचं केलं तर घर आधीपेक्षा वाईट होतं. फ्रिजमधल्या पाण्याने भरलेला स्टीलचा पेला टेबलावर ठेवला की बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच घरातली दमट हवा जिथे गार पृष्ठभाग सापडेल तिथे पाणी सोडते. भिंतीला बाहेरून जाड थर लावला पण वळचणीपाशी, खिडकीच्या चौकटीपाशी तो तुटला, तर नेमकी तीच पट्टी गार राहते आणि बुरशी तिथे धरते. पावसाचं पाणी थरामागे शिरलं तर आणखी वाईट. त्यात फटी बुजवल्या आणि हवा खेळायला दुसरी सोय केली नाही, तर विचारूच नका. प्रेस्टनच्या फिशविक भागात 2013 च्या सुमारास शेकडो घरांचं असंच वाटोळं झालं. त्यानंतर सरकारने मागवलेला पीटर बॉनफील्ड यांचा अहवाल आला, 2019 मध्ये अशा कामांसाठी पास 2035 हे मानक आलं: आधी संपूर्ण घर तपासा, हवेची सोय ठरवा, मग हात लावा. कागदावर उत्तम. तरीही ऑक्टोबर 2025 मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितलं की त्या वेळच्या सरकारी योजनांत बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी 98 टक्के घरांत दुरुस्ती लागेल असे दोष आहेत. अठ्ठ्याण्णव! कंत्राटावर कंत्राट, त्याखाली पोटकंत्राट, आणि तपासनीसाला पैसे देणाराही तोच कंत्राटदार. यातून दुसरं काय निघणार?

मग हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब आत आणणारं विजेवरचं यंत्र, का नाही, असं कोणीतरी विचारेलच. तंत्र चांगलं आहे, पण 2025 मध्ये गॅस युनिटला 6-7 पेन्स आणि वीज 25 ते 27, म्हणजे चौपट. पंपाने एका युनिट विजेत तीन युनिट ऊब दिली तरी गरीब घराचं बिल गॅसपेक्षा कमी होईलच असं नाही. आधी भिंत आणि छप्पर, मग पंप. जुन्याच गॅस बॉयलरचं पाण्याचं तापमान 75-80 वरून 60 वर आणणं हे फुकटातलं काम आहे. कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही ऊब वापरणारा) रेडिएटरकडून परत येणारं पाणी 55 च्या खाली असेल तरच आपलं नाव सार्थ करतो.

आता तुमचा भाचा. त्याला सांगा, सरकारी संकेतस्थळावर पिनकोड टाकून घराचं ऊर्जा-प्रमाणपत्र फुकट बघता येतं. इंग्लंडमध्ये ई पेक्षा खालच्या दर्जाचं घर भाड्याने देता येत नाही, मोजके अपवाद सोडले तर. एफ किंवा जी दिसलं तर मालकाला लेखी विचारावं. फोन नको, ईमेल; बुरशीचे फोटो तारखेसह जोडून. ‘तुम्ही भारतीय लोक फार फोडण्या करता, खिडकी उघडा’ हे उत्तर येण्याची शक्यता आहे, मी ते इतरांच्या बाबतीत बरेचदा ऐकलंय. त्यात थोडं तथ्य असतंच. पाच मुलं एका घरात, रोज भात-वरण झाकणाशिवाय शिजतंय, कपडे रेडिएटरवर वाळतायत, तर हवेत बरंच पाणी जातं. तेव्हा झाकण ठेवा, एक्झॉस्ट लावा, कपडे एकाच खोलीत दार बंद करून खिडकी किंचित उघडी ठेवून वाळवा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. दहा-एक पौंडांत आर्द्रतामापक मिळतो. आकडा सतत 65-70 टक्क्यांच्या वर असेल तर हवा कमी पडतेय. पण एक्झॉस्टच नसेल, किंवा छप्पर-पन्हळ गळत असेल, तर तो मालकाचा दोष आहे, स्वयंपाकाचा नव्हे. मालक हलला नाही तर ब्रॅडफर्ड कौन्सिलच्या घरांची तपासणी करणाऱ्या खात्याकडे तक्रार करता येते. विद्यापीठाच्या विद्यार्थी संघात भाड्याच्या घरांचा सल्ला देणारे असतात, तक्रारीचा मसुदा त्यांना आधी दाखवला तर बरं.

अवाब इशाक हे दोन वर्षांचं बाळ 2020 मध्ये रोचडेलला बुरशीच्या घरात राहिल्यामुळे दगावलं. घरमालकाला बुरशीची तक्रार ठरावीक मुदतीत सोडवायला लावणारा त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर 2025 पासून सामाजिक संस्थांच्या भाड्याच्या घरांना लागू झाला आहे. खाजगी मालकांना तो अजून लागू नाही, त्यामुळे तक्रारीत त्याचा आधार घेऊ नये. ई-दर्जाचा नियम आणि कौन्सिलची तपासणी, सध्या तुमच्या भाच्याच्या हातातली ही दोन मुख्य हत्यारं आहेत.