वाचक विचारतात : ट्रायथलॉनचं पोहणं

प्रश्न : पुढच्या वर्षी पूर्ण अंतराची ट्रायथलॉन करायची आहे. त्यात पोहणं ३.८ किलोमीटर. सध्या २५ मीटरच्या तलावात सलग १ किलोमीटर कसंबसं होतं. रोज थोडं थोडं वाढवत नेलं तर जमेल का? (नाशिक)

उत्तर : अंतर वाढेल, पण दमल्यावर जसे वेडेवाकडे हात पडतात तीच सवय अंगात मुरेल. म्हणून सलग पोहणं आठवड्यातून एकदाच ठेवा, आणखी दोन दिवस तुकड्यांत पोहा.

आधी घड्याळाशी हिशेब करा. आयर्नमॅन या ट्रायथलॉन मालिकेच्या पूर्ण अंतरात पोहायला साधारण २ तास २० मिनिटं मिळतात. म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. एवढ्यात बसणं अवघड नाही. पाण्याबाहेर पडल्यावर १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं शिल्लक असतं, अवघड ते आहे. दहा मिनिटं वाचवण्यापेक्षा दम शाबूत ठेवून बाहेर येणं महत्त्वाचं.

आता तुमचा वेग काढा. अंग गरम करून ४०० मीटर जोरात पोहा, वेळ टिपा. दहा मिनिटं अगदी सावकाश पोहून २०० मीटर जोरात पोहा. दोन वेळांमधला फरक निम्मा करा. समजा ४०० ला ९:२० आणि २०० ला ४:२० लागली, तर फरक ५ मिनिटं आणि १०० मीटरचा वेग २:३०. विश्रांती कमी पडून २०० मीटर संथ झालं, तर फरक कमी येतो आणि वेग खऱ्याहून चांगला दिसतो. बरेच जण इथेच फसतात.

या वेगाने १०० मीटर दहा वेळा, मध्ये १५ ते २० सेकंद थांबून. शेवटचे दोन १०० मीटर पाच सेकंदांहून अधिक मागे पडले, तर पहिले दोन तुम्ही उगाच पळवलेत. दहाचे पंधरा झाले की २०० मीटर आठ वेळा, मग ४०० मीटर पाच वेळा. सलग पोहायचा लांबचा दिवस हळूहळू ३.५ किलोमीटरपर्यंत न्या. शर्यतीत वर काढलेल्या वेगापेक्षा १०० मीटरला १५ सेकंद सावकाश, म्हणजे २:४५ ने गेलात तरी १ तास ४५ मिनिटांत काम होतं.

आणखी एक. २५ मीटरच्या तलावात ३.८ किलोमीटर म्हणजे १५२ फेऱ्या, आणि दर फेरीला भिंतीला लाथ मारून तीन-चार मीटर फुकटात मिळतात. समुद्रात भिंत नाही. लांबच्या दिवशी शेवटचे ५०० मीटर भिंतीला न शिवता, अलीकडूनच वळा. कळेल.

प्रश्न : पाय बुडतात. पाय जोरात मारून बघितले, तर पन्नास मीटरमध्येच धाप लागते. (सांगली)

उत्तर : पाय बुडायचं कारण बहुतेक वेळा डोक्यात असतं. नजर समोर ठेवली की मान वर, कंबर खाली. नजर तळाकडे ठेवा. तोंड पाण्यात असताना नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडा. श्वास कोंडून ठेवला की बाजूला वळल्यावर आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, एवढा वेळच नसतो. धाप त्याचीच.

एक चाचणी : मांड्यांमध्ये पुल-बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून १०० मीटर पोहा. वेळ दहा सेकंदांनी सुधारली, तर दोष हातांच्या ताकदीत नसून अंगाच्या ठेवणीत आहे. मात्र रोज तोच धरून पोहाल तर दोष झाकलाच जाईल. त्याऐवजी कुशीवर, खालचा हात पुढे ताणून, २५ मीटर फक्त पाय मारत जा, सहा वेळा. पाय कमरेतून हलवा, गुडघ्यातून नको. धावणाऱ्यांचे घोटे ताठ असतात आणि ताठ पाऊल पाण्यात ब्रेकसारखं अडतं. रोज दोन-तीन मिनिटं वज्रासन. गुडघे दुखत असतील तर सोडून द्या.

प्रश्न : गोव्यात मिरामारला अर्ध्या अंतराची शर्यत करायची आहे. समुद्रात मी तिरका जातो, आणि सुरुवातीच्या गर्दीत घाबरतो. (ठाणे)

उत्तर : तलावात, मोकळ्या पट्ट्यात, डोळे मिटून दहा हात मारा. कुठल्या बाजूला सरकता ते कळेल. बहुधा श्वास एकाच बाजूला घेतल्यामुळे. दर तिसऱ्या हाताला श्वास घ्यायची सवय लावा. समुद्रात दर आठ हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढून बघा आणि लगेच बाजूला वळून श्वास घ्या. श्वाससुद्धा समोरूनच घ्यायला गेलात की पाय बुडाले. वाट दाखवणारा तरंगता बोया लाटेआड दिसेनासा होतो, म्हणून त्याच्या रेषेतली मागची एखादी उंच खूण आधीच हेरून ठेवा. मिरामारचा किनारा पश्चिमेकडे आहे. सकाळी परतताना ऊन डोळ्यांत येतं, गॉगल गडद घ्या.

गर्दीत कडेला, मागे उभे राहा आणि पहिले २०० मीटर मुद्दाम हळू जा. छाती भरून आली तर उताणे व्हा, दहा श्वास घ्या. मदतीला असलेली कायाक (छोटी होडी) धरून थांबायलाही परवानगी असते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

प्रश्न : मान आणि काख सोलवटते. (पुणे)

उत्तर : व्हॅसलीन. पण गॉगल लावून झाल्यावर. तेलकट बोट काचेला लागलं की पुढचा तासभर धुकं.