चालत्या पोलिस गाडीतलं रडार कोनामुळे स्पीड जास्त दाखवतं का?

तुम्ही विचारलंय की रडार तिरकं धरलं तर स्पीड वाढीव येतो का आणि पोलिसांची गाडीही पळत असेल तर काय होतं. मी फोंड्याला हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवतो, डॉपलरचा धडा (हलत्या वस्तूवरून परत आलेल्या लहरीची वारंवारता बदलते, त्यावरूनच रडार वेग काढतं) आला की कोणीतरी हेच विचारतं, म्हणून जरा नीट सांगतो.

रडारवाली गाडी उभी असेल तर कोन नेहमी तुमच्याच फायद्याचा. रडारला तुमचा अख्खा वेग दिसत नाही, त्याच्या दिशेने येतो तेवढाच भाग दिसतो, म्हणजे खरा वेग गुणिले कोनाचा कोसाइन (कोन म्हणजे तुमची जाण्याची दिशा आणि रडारची दिशा यांच्यातला; तो वाढला की कोसाइन 1 पेक्षा कमी होत जातो). 10 अंशाला दीड टक्का कमी, 20 ला 6 टक्के कमी, जास्त कधीच नाही. लेझर गनचंही तेच. आपल्याकडे इंटरसेप्टर, म्हणजे पोलिसांची स्पीड मोजणारी गाडी, बहुतेक वेळा कडेला उभीच असते, त्यामुळे तिरकं धरलं म्हणून चलान आलं हे कारण चालणार नाही.

चालत्या रडारचं मात्र वेगळं आहे, आणि खरी गंमत इथेच आहे. ते दोन वेग मोजतं, एक दोन्ही गाड्या मिळून जवळ येण्याचा आणि दुसरा पोलिस गाडीचा स्वतःचा, जो रस्त्यावरून आणि कडेच्या स्थिर वस्तूंवरून परत आलेल्या लहरींवरून काढतात, मग पहिल्यातून दुसरा वजा. समजा पोलिस ताशी 80 किमीने, तुम्ही समोरून 60 ने, बेरीज 140. आता कडेला ठोकलेल्या पत्र्यांवरून 20 अंशातून जोरदार लहर परत आली तर मशिनला वाटतं आपण 75 ने चाललोय, 140 वजा 75, तुमच्या नावावर 65! चूक त्यांच्या वेगात झाली आणि भरली तुम्ही. चोर्ला घाटासारख्या रस्त्यावर, जिथे दरड अगदी अंगाला लागून असते, तिथे असं मशिन वापरलं तर ही शक्यता जास्त.

याहून वाईट म्हणजे पुढे चाललेला ट्रक. मशिनने त्यालाच स्थिर धरलं आणि ट्रक 50 ने जात असेल तर पोलिसांचा वेग 30 च दिसणार, मग तुमचा 110.

उलट तुमच्या गाडीचा कोन वाढला, म्हणजे तुम्ही अगदी जवळ आलात, तर पूर्ण 140 चाच कोसाइन लागतो, 14 अंशाला ते 136 होतात आणि तुमचे 60 चे 56.

म्हणून चालत्या रडारने पकडलं तर कोन किती होता हे विचारत बसू नका, त्या क्षणी मशिनवर पोलिस गाडीचा स्पीड किती होता आणि त्यांच्या स्पीडोमीटरवर किती, हे विचारा.