पॉवरपॉइंटसाठी नवा लॅपटॉप? आधी कार्डावरची बाकी बघा

पत्र थोडक्यात: “माझा चार वर्षांचा लॅपटॉप विंडोज 11 वर ठीक चालतो, पण त्यात पॉवरपॉइंट नाही. म्हणून नवा बुक केला आहे. विक्रेता ‘ऑफिससह’ म्हणतो. विंडोजबरोबर पॉवरपॉइंट येतेच ना? पैसे क्रेडिट कार्डावर देईन. जुनी बाकी आहे, पण किमान रक्कम वेळेवर भरतो. मुदत ठेव मोडायची नाही, 7 टक्के मिळतात. स्लाइड्स बनवून देण्याची कामे घेणार आहे, सहा महिन्यांत सगळे फिटेल.”

नाही, येत नाही. विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टीम, पॉवरपॉइंट हा मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस’ या सॉफ्टवेअर-संचाचा भाग; दोन्हींचा परवाना वेगळा. स्टार्ट मेनूत मायक्रोसॉफ्ट 365 चे, म्हणजे वर्गणीवर मिळणाऱ्या ऑफिसचे चिन्ह दिसते, ते केवळ प्रवेशद्वार आहे. मॅकवर कीनोट हे स्लाइड्स बनवायचे सॉफ्टवेअर मिळते (2013 पासून नव्या मॅकबरोबर, 2017 पासून सर्वांना मोफत), आणि लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांत लिब्रेऑफिस इम्प्रेस हे तसेच सॉफ्टवेअर आधीच बसवलेले असते. गंमत म्हणजे पॉवरपॉइंट 1987 साली प्रथम आले तेच मुळी मॅकवर.

‘ऑफिससह’ या शब्दाला बिलावर लिहिल्याशिवाय किंमत नाही. त्याचा अर्थ महिनाभराची ट्रायल असू शकतो, वर्षभराची वर्गणी किंवा ऑफिस होम 2024 चा एकदाच घेतलेला, एकाच मशीनपुरता परवानाही असू शकतो. ट्रायल सुरू करताना कार्ड नंबर मागतात आणि मुदत संपली की वर्गणी आपोआप कापली जाते. नूतनीकरण बंद केले, तर मुदत संपल्यावर फाइल उघडेल, छापता येईल, बदलता येणार नाही. ऑफिस आधीच टाकलेले असेल तर पॉवरपॉइंटमध्ये फाइल, मग अकाउंट उघडा. कोणता परवाना आहे ते तिथे लिहिलेले असते.

आणि यासाठी अख्खा लॅपटॉप? मायक्रोसॉफ्टचे मोफत खाते काढलेत की ब्राउझरमध्ये पॉवरपॉइंट आजच चालेल. त्यात मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा) नाहीत, इंटरनेट लागते, काही प्रगत सोयी कमी आहेत; पहिल्या चार कामांना पुरेल. इम्प्रेस विंडोजवरही मोफत आहे. मात्र ग्राहकाला पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटची फाइल द्यायची असेल, तर फाँट आणि अ‍ॅनिमेशन विस्कटू शकतात. पाठवण्याआधी ती पॉवरपॉइंटमध्ये एकदा उघडून बघा.

आता तुम्ही जे विचारलेच नाही, ते. सोयीसाठी नव्या लॅपटॉपची किंमत 100 धरतो, इतर रकमाही त्याच प्रमाणात. तुमच्या आकड्यांनुसार कार्डावरची बाकी 80, व्याज महिन्याला 3 टक्के, किमान भरणा 5 टक्के. म्हणजे भरता 4, त्यातले 2.4 व्याजात जातात, मुद्दल फिटते 1.6. या चालीने बाकी निम्मी व्हायला जवळपास तीन वर्षे लागतील, तीही कार्डावर नवे काही घेतले नाही तर. किमान रक्कम भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो. व्याज चालूच राहते.

त्यात लॅपटॉप घातलात तर बाकी 180 आणि महिन्याचे व्याज 5.4. जुनी बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज पहिल्या दिवसापासून लागते. पॉवरपॉइंटची वर्षाची वर्गणी तुम्ही 10 च्या घरात कळवली आहे. हे दोन महिन्यांचे व्याजसुद्धा नाही!

ठेवीचा हट्ट त्याहून महाग. 90 ची ठेव वर्षाला 6 देते, कार्ड सुमारे 26 नेते. ठेव मोडा, दंडापोटी एखादा टक्का जाऊ द्या, 80 ची बाकी पूर्ण फेडा. हातात नऊएक उरतील, तेवढे अडीअडचणीला ठेवा. आज कार्डाला जे 4 देता, ते दरमहा त्यातच टाका. कार्ड मोकळे झाले म्हणून पुन्हा भरू नका.

सहा महिन्यांत सगळे फिटेल, या अंदाजाला पत्रात आधार एकच: तुमची इच्छा. एकही ग्राहक ठरलेला नाही. ब्राउझरवर दोन-तीन कामे करा, पैसे खात्यात आले की त्यातून एका महिन्याची वर्गणी घ्या. सुरुवातीलाच वर्षाची नको. ‘आजीवन ऑफिस’ म्हणून किरकोळ भावात विकल्या जाणाऱ्या ‘की’च्या, म्हणजे परवान्याच्या सांकेतिक क्रमांकांच्या तर वाटेलाच जाऊ नका. त्या बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या परवान्यातल्या असतात आणि कधीही बंद पडतात.

विक्रेत्याला आजच कळवून बुकिंग रद्द करा. आगाऊ दिलेले 2 परत मिळाले नाहीत, तरी रद्दच करा.