पिथौरागढ: तिन्ही खोरी एका फेरीत नकोत, आणि मे महिना तर नकोच

तुमचा बेत वाचला. मे महिन्याच्या सुट्टीत, सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन, सोलापूरहून जाऊन-येऊन दहा दिवसांत उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यातलं मुन्सियारी, दारमा आणि आदि कैलास. शिवाय नंदादेवी जवळून कुठून दिसेल, हा प्रश्न. स्पष्टच सांगतो: मुन्सियारीचं एक खोरं ठेवा, बाकीची दोन काढून टाका आणि महिना बदला.

नकाशावर मुन्सियारी आणि दारमातलं दुग्तू शेजारी दिसतात, तिथेच घोळ होतो. आपल्याकडे सोलापूरहून पंढरपूरला निघालं की मधे आडवा डोंगर येत नाही. तिथे या दोन गावांच्या मधे पाच शिखरांची अख्खी पंचचुली रांग उभी आहे आणि ती ओलांडणारा गाडीरस्ता नाही. मुन्सियारीहून (सुमारे २२०० मीटर) गोरीगंगेच्या कडेने पार जौलजीबीपर्यंत, म्हणजे हजार मीटरच्याही खाली उतरायचं. तिथे गोरी काली नदीला मिळते. मग कालीच्या काठाने धारचुला, तवाघाट, आणि तिथून धौलीगंगा धरून पुन्हा तीन हजारांच्या वर दुग्तूला. दरड कोसळली नाही तरी दिवस यातच जातो, आणि म्हाताऱ्या माणसांच्या कंबरेचं काय होतं ते वेगळं.

हा जिल्हा नद्यांवरून लक्षात ठेवला की सोपा जातो. मुन्सियारीकडचं जोहार खोरं गोरीगंगेचं, दारमा धौलीगंगेचं, आदि कैलासचं ब्यांस कुटी यांगतीचं. तिन्हींचं पाणी शेवटी कालीत, आणि काली म्हणजे १८१६ च्या सुगौली तहापासूनची नेपाळची हद्द. धारचुल्यात नदीपलीकडे जी घरं दिसतात ती नेपाळातली. उत्तरेला तिबेट. या खोऱ्यांतल्या शौका लोकांचा तिबेटशी चालणारा व्यापार १९६२ नंतर बंद पडला आणि वरची गावं ओस पडत गेली. जोहारातलं मिलम हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांसाठी तिबेटची गुप्तपणे मोजणी करणाऱ्या नैनसिंह रावत यांचं गाव. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवून, पावलं मोजत हा माणूस ल्हासापर्यंत गेला आणि त्या शहराची उंची नोंदवून आला. शाळेत आपल्याला त्यांच्याबद्दल एक ओळही शिकवत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

आता शिखरं. पंचचुलीतलं सर्वात उंच ते दुसऱ्या क्रमांकाचं, ६९०४ मीटर. मुन्सियारीतून पाहताना डावीकडून दुसरं. भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या पथकाने १९७३ मध्ये ते पहिल्यांदा सर केलं. फोटोसाठी पहाटे उठून बसणाऱ्यांची इथे निराशा होते, कारण सूर्य शिखरांच्या मागून येतो आणि समोर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. मुन्सियारीत संध्याकाळ साधा. ऊन आधी दरीतून जातं, मग जंगलावरून, आणि शेवटची काही मिनिटं फक्त पाच टोकं तांबूस राहतात. दारमातून हाच डोंगर दुसऱ्या बाजूने दिसतो, म्हणून तिथे सकाळ.

नंदादेवीचं मुख्य शिखर (७८१६ मीटर) चमोली जिल्ह्यात येतं; पिथौरागढच्या हद्दीवर आहे ती नंदादेवी पूर्व, ७४३४ मीटर. मुन्सियारी गावातून नंदादेवीची आस धरू नका. जाताना वाटेतल्या चौकोडी गावात मुक्काम टाका. हवा स्वच्छ असेल तर नंदादेवीपासून पंचचुलीपर्यंतची रांग खुर्चीत बसून दिसते, आई-वडिलांना एक पायरीही चढावी लागत नाही.

पण हवा स्वच्छ हवी. मे महिन्यात चीडच्या (पाइनच्या) झाडांच्या वाळक्या पानांना वणवे लागतात, धूर दरीत साचतो आणि समोरचं शिखर आठवडाभरही दिसत नाही. सोलापूरच्या उन्हातून सुटका म्हणून जाल तर गारवा मिळेल, डोंगर मिळेलच असं नाही. पावसाळ्यात दरडी. ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य हा खरा काळ, म्हणजे दिवाळीची सुट्टी. तेव्हा दारमातली माणसं हिवाळ्यासाठी खाली उतरू लागतात, वर राहायची सोय भरवशाची नसते. हेही मुन्सियारीच्या बाजूनेच जातं.

आदि कैलासला आता गाडी जाते म्हणून सगळेच निघतात. धारचुला साधारण ९०० मीटरवर आणि आदि कैलाससमोर गाडी पोचते ते जोलिंगकोंग साडेचार हजारांच्या वर. मधे गुंजीला मुक्काम न करता वर नेणारा गाडीवाला भेटला तर सरळ नाही म्हणा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बेत आखूच नका. सीमेजवळच्या भागात जायचा सरकारी परवाना, म्हणजे इनर लाइन परमिट, लागतं ते निराळंच.

कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून रात्रीच्या गाडीने काठगोदाम, पुढे टॅक्सी. शेंगाचटणी आणि कडक भाकरी भरपूर घ्या, वाटेत राजमा-भाताला आई-वडील कंटाळतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या तारखा बघून त्याच दिवशी सकाळी बसा.